कानाची पाळी

माझं नाव वॉशिंग्टन. हसू नका,
आमच्या साल्तोकडे अशी नावं ठेवतात,
धाकट्याचं नेल्सन आहे.
एकतीस वर्षं सेनेटर ओयेनार्टांची गाडी चालवली मी.
खरं सांगायचं तर त्या गाडीत
त्यांच्याहून जास्त बसला तो इचेनिके.

मागे नाही. पुढे, माझ्या शेजारी,
काखेत थर्मास.
मातेचा पहिला घोट स्वतः घ्यायचा,
पहिलाच सगळ्यात कडू असतो म्हणून,
मग भरून मला द्यायचा.
चौकात कर्ण्यातून सेनेटर बोलत असायचे
आणि इथे काचेआड याचे ओठ हलायचे,
त्यांच्या अर्धा शब्द पुढे.

बाप संत्र्यांच्या वखारीत कारकून होता याचा.
भाषणं लिहायचा ती वजनाच्या जुन्या पावत्यांवर,
पाठीमागे. पुढच्या बाजूला
चाळीस पेट्या, बासष्ट पेट्या, सडका माल वजा.

सेनेटरांचं एक होतं :
सुरू झाले की उतारावरची गाडी.
लोक खुर्च्या सोडायला लागायचे
तेव्हा हा उतरून गर्दीच्या कडेला जायचा
आणि कानाची पाळी चिमटीत धरायचा.
बस्स.
पुढच्या पूर्णविरामाला सेनेटर थांबायचे.
लोकांना वाटायचं, काय नेमकं बोलतो माणूस.

पक्षांना कुलपं लागली ती वर्षं
इचेनिकेनं शाळेत हिशेब शिकवला.
दर रविवारी संत्र्यांची पिशवी घेऊन
चालत सेनेटरांकडे. पिशवीच्या तळाशी पावत्या,
न होणाऱ्या सभांची भाषणं.
मी तेव्हा बेकरीची व्हॅन चालवत होतो.
एकदा वाटेत दिसला, लिफ्ट दिली,
तर म्हणाला, बघणाऱ्यांना वाटेल मी पाव विकतो,
वाटू दे, बरंय.

मग कुलपं निघाली. सगळे परत आले, आम्हीही.

आणि साखर कारखान्याची गोष्ट सांगायची नव्हती,
पण सांगतो.
बंद करायचा असं वर ठरलेलं,
आणि मत द्या असं सेनेटरांना
यानंच सांगितलं, माझ्यादेखत, मागे वळून,
हवामान सांगावं तसं.
भाषण असं लिहिलं की उद्यापासून ज्यांच्या चुली थंड
तेच उठून उभे राहिले. टाळ्या. एकीनं तर
सेनेटरांचा हात कपाळाला लावला.
त्या दिवशी कानाला हात गेलाच नाही याचा.
परतताना पुलावर म्हणाला, थांब.
उतरला. कठड्याला धरून उभा राहिला,
मला वाटलं ओकणार.
परत येऊन दार लावलं आणि म्हणाला,
टाळ्या नको होत्या वाजायला.

पुढे सेनेटरांचा गोन्सालो आला,
त्याच्यासोबत नदीपलीकडून आणलेली पोरं,
रंगीत आलेख, लोकांच्या मनाची टक्केवारी.
इचेनिकेला कुणी काढलं नाही.
मला फक्त सांगितलं,
सकाळी त्याच्या घरावरून गाडी आणू नकोस.
मी चार दिवस तरीही नेली.
पाचव्या दिवशी त्यानंच खिडकीतून
जा म्हणून हात हलवला.

सेनेटर गेले ते फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात.
स्मशानात गोन्सालो बोलायला उभा राहिला,
बापाचा वारसा, बापाचं स्वप्न, पुन्हा वारसा,
म्हाताऱ्या बायका छत्र्यांखाली वितळत होत्या.
शववाहिका माझ्याकडे होती. तिथून मला दिसलं,
शेवटच्या सरूच्या झाडाखाली
जुन्या तपकिरी कोटातला एक हात
हळूहळू वर चाललाय.

कानाची पाळी.
कुणी बघत नव्हतं. गोन्सालोला ठाऊकच नव्हतं
की तिकडे बघायचं असतं.

मी किल्ली फिरवली.
म्हातारं इंजिन, एवढं खोकलं
की पाद्र्यानंही मान वळवली.
पोरगा अडखळला
आणि पुढच्या पूर्णविरामाला थांबला.

नंतर फाटकाशी गाठलं त्याला. सोडतो घरी, म्हटलं.
शववाहिकेकडे बघून म्हणाला, यात? एवढ्यात नको.
बसच्या थांब्याकडे निघाला, मग वळला.
उशीर केलास, म्हणाला,
तो दुसरा वारसा टाळता आला असता.